मीठ शेवटी

पुलाव शलमोनकाकाकडे,
रस्सा ढोऱ्यांच्या मोठ्या चुलीवर,
आणि कच्चं सगळं आमच्याकडे.
नाताळच्या जेवणाची ही वाटणी
कधी झाली, कोणी केली,
कोणालाच आठवत नाही.

उजाडायच्या आत मी वावरात.
हरभऱ्याला अजून घाटे नाहीत,
नुसते कोवळे शेंडे, वर दव, दवात आंब.
खुडता खुडता बोटं चुरचुरतात,
नखाजवळची चीर तर भांडायलाच उठते.
ओच्यातला पाला पोटाला गार लागतो.
धुऱ्यापलीकडे बिस्मिल्लाबीचे मुळे;
तिनं कालच बजावलं होतं,
"पायजे तेवढे उपट वो,
पण किसू नको माया घराजवळ."

हन्नामावशीनं घमेलं काढून ठेवलंय,
पांढरं, निळ्या काठाचं, एके ठिकाणी टवका उडालेलं.
मिशनचा दवाखाना बंद झाला
तेव्हा तिनं पगाराऐवजी एवढंच मागून आणलं.
"तुयी पयली आंघोळ याच्यातच,"
दरवर्षी सांगते,
दरवर्षी मुळा किसताना मी ऐकलं नाही असं करते.

पातीचा कांदा, सांभार, हिरवी मिरची,
फल्लीचं जाडं कूट, वरून कच्चं तेल :
हा घोलाना. हात घालून कालवायचा,
पण पाला दुखेल इतकं नाही.
मुळा दह्यात. गाजर वेगळं.
गाजरात यंदा एस्तेरनं
संत्र्याच्या फोडी सोलून टाकल्या,
नागपूरला शिकते ना ती.
मावशी बघत राहिली.
"संत्रं जेवल्यावर असते बाई, जेवणात काऊन?"
म्हणाली, आणि चव बघायला
तीनदा हात घातला.

मीठ मात्र कशातच नाही.
मीठ लागलं की कच्चं पाणी सोडतं,
आणि पाळक इंगळ्यांचं प्रवचन
घड्याळाला कधी मानत नसे.
म्हणून अमोसला चर्चच्या खिडकीत बसवायचं.
पाळक "शेवटी एवढंच सांगतो" म्हणत,
ते पहिलं शेवटी खोटं,
दुसऱ्यावरही भरवसा नाही,
तिसऱ्याला अमोस टोपी हलवायचा
आणि इकडे माझी मूठ मिठात.

यंदा पाळक नवे. पोरसवदा.
अकरा मिनिटांत आमेन.

अमोस टोपी सोडून गोळ्या मोजत होता.
मी मान वर केली तर
माणसं चपला काढत होती,
सतरंज्या भरत होत्या,
ढोऱ्यांचा रस्सा येऊन पोचला होता,
पत्रावळींवर घोलाना पडत होता, हिरवागार,
अळणी.

मी मेलेच म्हटलं.

मावशी उठली. गुडघ्यावर हात देऊन, दोन दमात.
मिठाची वाटी घेतली
आणि पंगतीच्या एका टोकापासून चालू लागली,
प्रत्येकाच्या पानात डावीकडे एक चिमूट,
पूर्वी वॉर्डात गोळ्या वाटायची तशी,
नाव घेत, तोंडाकडे बघत.
कोणाचं लेकरू, कोणाची सासू,
कोणाला कधी काय झालं होतं.
ज्यानं त्यानं आपलं कालवून घेतलं.
थोडा वेळ नुसता बोटांचा आवाज,
मग दातांखाली पाला,
वावरातून आत्ताच आल्यासारखा.

शलमोनकाकाचं पान तिनं सोडलं.
"बीपी," एवढंच बोलली आणि पुढे गेली.
काकानं ती वळेपर्यंत वाट पाहिली
आणि नव्या पाळकाच्या पानातलं
अर्धं मीठ उचललं.
पाळक काही बोलले नाहीत,
पान थोडं त्याच्याकडे सरकवलं.

संध्याकाळी घमेलं घासताना
चिरेत मीठ शिरलं.
आई गं म्हटलं, हात झटकला.
आतून मावशी म्हणाली,
"काय झालं वो?"
मी म्हटलं, काही नाही,
संत्र्याच्या फोडी उरल्यात का बघ.
उरल्या नव्हत्या.